नावाशेजारचं चौकोनी भोक

३ मार्च, सोमवार

हात : सकाळी ठीक. दुपारी पाणी पिताना दोनदा थरथरला.

ही वही डॉक्टरांनी लावायला सांगितली. रोज हात कसा होता ते लिहायचं आणि तीन महिन्यांनी त्यांना दाखवायचं. "एक ओळ पुरे," म्हणाले. एका ओळीत माझं आजवर काहीच मावलेलं नाही, म्हणून मी दोनशे पानी वही आणली.

आधी माझी ओळख. मी चांदीच्या वस्तू दुरुस्त करतो. तुटलेले दांडे, चेपलेले पेले, फोटोच्या चौकटी, कुणाच्या तरी आत्याच्या साखळ्या. वय चौसष्ट. माझ्या हातून गेलेली वस्तू कुठे तुटली होती हे नंतर कुणाला सांगता आलेलं नाही, खुद्द गिऱ्हाइकालाही नाही. एक बाई तर, हा माझा पेला नव्हेच, तुम्ही बदलून दुसरा दिला, म्हणून भांडून गेल्या. ही फुशारकी नाही. फुशारकीच मारायची तर माझ्याकडे अजून पुष्कळ माल आहे.

आणि आता हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. डोळ्यांचं वय झालं तर चष्मा मिळतो, हाताला काय घालायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

६ मार्च, गुरुवार

हात : ठीक.

आई जाऊन वर्ष झालं. आज दादाने आणि मी तिच्या कपाटातल्या वस्तू वाटून घेतल्या. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गणिताचा शिक्षक होता, आता निवृत्त आहे, पण गल्ली अजून त्याला मास्तरच म्हणते. त्याने पुस्तकं आणि भिंतीवरचं घड्याळ घेतलं. माझ्या वाट्याला बटणांचा डबा आला. डब्याच्या तळाशी आईचं नाणं निघालं.

हे नाणं ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. ती सून म्हणून घरात आली तेव्हा आजोबांनी तिला दिलेलं. मी ते दादापुढे धरलं.

"दादा, सुलतानाचं नाणं."

"ठेव तुझ्याकडे. त्या थापा मला घरात नकोत."

डॉक्टर वाचणार आहेत म्हणून खुलासा करतो. आमचे आजोबा तरुणपणी समुद्रापलीकडे एका बेटावर होते. तिथे एक सुलतान होता आणि सुलतानाच्या डोक्यावर परक्यांची कंपनी होती. आजोबा सांगायचे की ते सुलतानाच्या टांकसाळीत, म्हणजे नाणी पाडायच्या कारखान्यात, कारागीर होते. सुलतानाकडे तीनशे पोपट होते. पुढे त्यांचे पाचशे झाले, आणि मी आठवीत जाईपर्यंत हजार. पोपट इतके वाढल्यावर गल्ली कशाला विश्वास ठेवते? लोक आजोबांनाच सुलतान म्हणू लागले आणि दुकानाला सुलतानाचं दुकान. अजून तेच म्हणतात. पाटीवर दुसरं नाव आहे, ते फक्त पोस्टमन वाचतो.

एक गोष्ट मात्र आजोबा दर वेळी तीच, तेवढीच सांगायचे. साहेबाने वाईट हुकूम दिला, मी पाळला नाही, मला हाकललं. हुकूम कसला, असं विचारलं की पाठ फिरवून कामाला लागायचे.

मी दादाला म्हटलं, "म्हातारा गेला त्याला पन्नास वर्षं झाली. आता तरी सोड."

तेव्हा तो म्हणाला, "चौथीत असताना मी वर्गात उभं राहून सांगितलं होतं. माझे आजोबा त्या बेटावर कामाला होते, सुलतानाच्या टांकसाळीत. सगळा वर्ग हसला. गुरुजींनी खोटं बोलतो म्हणून तासभर कोपऱ्यात उभं केलं." आणि घड्याळ काखोटीला मारून निघून गेला. कोपऱ्यात मीही पुष्कळ उभा राहिलोय. माणसाने किती धरून ठेवावं?

८ मार्च, शनिवार

हात : एकदम स्थिर.

शहरातल्या वस्तुसंग्रहालयाने वर्तमानपत्रात दिलं आहे की घराघरांतली जुनी नाणी तपासायला आणा, निवडक नाणी प्रदर्शनात ठेवू, घराण्याच्या नावासकट. वाचल्यापासून मला चैन नाही. एकदा का त्या काचेत आजोबांचं नाणं बसलं की गल्लीची तोंडं बंद. दादाचंही.

नाणं आज प्रथमच कारागिराच्या नजरेने पाहिलं. चांदी उत्तम. एका बाजूला सुलतानाचं नाव, मला वाचता येत नाही, पण अक्षर असं की बघत राहावं. दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज.

आणि मध्ये हे भोक. माप घेतलं : चौकोनी, प्रत्येक बाजू तीन मिलिमीटरला केसभर कमी. नावाच्या बाजूने ठोकलेलं, कारण जहाजाच्या बाजूला कड वर आली आहे, आईच्या गळ्यात घासून गुळगुळीत झालेली. जागा : नावाचं शेवटचं अक्षर संपतं आणि खालचं साल सुरू होतं त्याच्या मधल्या मोकळ्या पट्टीत. बाजूला आकृती काढून ठेवली आहे.

ज्याने पाडलं त्याला अक्कल नव्हती. दोऱ्यासाठी भोक पाडायचं तर कडेला पाडावं, गोल पाडावं. हे असं मध्येच असल्यामुळे नाणं आईच्या गळ्यात कायम तिरपं लोंबायचं. ती सारखं सरळ करायची.

असलं फाटकं नाणं घेऊन मी संग्रहालयात गेलो तर ते म्हणतील, सुलतानाचा नातू भोकाचं नाणं घेऊन आला. आणि दादाला आयुष्यात एकच गोष्ट जमली, ती म्हणजे दुसऱ्याची चूक शोधणं. त्याच्या हातात आयतं कोलीत द्यायला मी मोकळा नाही. भोक बुजवणार.

१३ मार्च, गुरुवार

हात : कशाला विचारता.

झालं. चार दिवस दुसरं काम घेतलं नाही, म्हणून लिहिलंही नाही. डॉक्टर, तुमच्यासाठी सविस्तर लिहितो, म्हणजे हात गेला असं पुन्हा म्हणणार नाही.

भोकाच्या मापाची चांदीची खुंटी हवी होती. चौकोनी खुंटी कापणं म्हणजे कटकट. दुकानात आजोबांचा एक जुना चौकोनी पंच आहे, ठोकून भोक पाडायचं पोलादी हत्यार, बोटाएवढं. आम्ही तो जन्मभर डब्यांची झाकणं उचकटायला वापरला. गंमत म्हणून त्याचं टोक भोकात घालून पाहिलं, तर खोबणीत बसावं तसं बसलं. केसाचा फरक नाही. नशीब म्हणतात ते असं. एका जुन्या चमच्याच्या दांड्यातून त्याच पंचाने खुंटी ठोकून काढली, घरंगळत येऊन हातात पडली.

मग वर आलेली कड कानशीने साफ केली, खुंटी बसवली, चांदीच्याच झाळाने, म्हणजे वितळवून जोडायच्या मिश्रणाने, झाळली. नावाच्या बाजूला मोकळी सपाट पट्टी. लोकांना वाटतं सपाट सोपं, पण सपाटीवरच लबाडी दिसते. दीड दिवस घासलं. जहाजाच्या बाजूला शिडाचे दोर येत होते. भोकामुळे मूळचे किती होते ते कळायला मार्ग नव्हता. मी तीन कोरले, शोभतात. शेवटी गंधकाच्या पाण्याने नव्या चांदीवर जुन्यासारखा काळपटपणा आणला.

हिला दाखवलं. ही म्हणजे माझी बायको. चष्मा पुसून पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "आईंच्या नाण्यातलं भोक कुठे गेलं?"

"गेलं. शोधून दाखव."

"मला शोधायचं नाहीये. त्या बिचाऱ्या जन्मभर ते सरळ करत होत्या, तुम्ही एकदाचं केलंत." ती शाबासकी होती की टोमणा ते कळलं नाही. चाळीस वर्षांत तिच्या बोलण्यातला हा भाग मला कधीच नीट दुरुस्त करता आलेला नाही.

चौसष्टाव्या वर्षी, थरथरत्या हाताने, मी माझं सगळ्यात चांगलं काम केलं. हे कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहिलं.

१८ मार्च, मंगळवार

हात : ठीक.

संग्रहालयात गेलो. नाणी पाहणाऱ्या बाई वितभर उंचीच्या, हातात हातभर भिंग. चाळिशीच्या असतील. मला आधी वाटलं, ही काय नाणी ओळखणार. नाणं पुढे ठेवताच त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. उठून दार लावून घेतलं. वजन केलं, पुन्हा केलं.

"काका, हे तुमच्याकडे कुठून आलं?"

मी आजोबांचं सांगितलं. पोपट वगळले.

त्या म्हणाल्या, "सुलतानाला गादीवरून काढल्यावर कंपनीने ही सगळी नाणी गोळा करून वितळवली. लोकांनी लपवलेली जगात तीन उरली आहेत. हे खरं असेल तर चौथं." नाणं दोन दिवस ठेवून घेतलं, पावती दिली. पावतीवर माझं नाव, आजोबांचं नाव.

येताना दादाच्या दारात थांबून पावती दाखवली. त्याने चष्मा लावून तीनदा वाचली. "म्हणजे नाणं खरं असू शकतं. त्यावरून आजोबांचं बोलणं खरं ठरत नाही. बाजारातून कुणीही नाणं आणू शकतो." पावती परत देताना मात्र तिची घडी जशी होती तशी घातली.

२१ मार्च, शुक्रवार

हात : वाईट. संध्याकाळी कप फुटला.

नाणेवाल्या बाईंनी बोलावलं होतं. खुशीत होत्या. चहा मागवला, टेबलावर बाकीच्या तीन नाण्यांचे मोठे फोटो मांडले.

"काका, नाणं खरं आहे. आणि वर आणखी एक गोष्ट. हे बघा, या तिन्ही नाण्यांवर शिडाचे दोर चार आहेत. तुमच्यावर तीन. म्हणजे टांकसाळीत दुसरा साचाही होता. हे आजवर कुणालाच माहीत नव्हतं. मी यावर लिहिणार आहे."

मी चहाकडे बघत राहिलो. साचा कसला, ते तीन दोर माझे होते.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो, हे इथे कबूल करतो. पण त्या पुढे बोलत राहिल्या. "खरं सांगू का, मी अकरा वर्षं वेगळंच नाणं शोधतेय. मिळणार नाही म्हणा." आणि कपाटातून एका जुन्या पत्राची नक्कल काढली. कंपनीच्या साहेबाने आपल्या वरिष्ठाला लिहिलेलं. त्यांनी वाचून अर्थ सांगितला, तो जसा आठवतो तसा लिहितो.

वितळवण्याआधी प्रत्येक नाण्याला पंचाने भोक पाडायचं होतं, म्हणजे ते पुन्हा चलनात जाऊ नये. हुकूम असा होता की भोक सुलतानाच्या नावातून आरपार गेलं पाहिजे. लोकांनी ते पाहावं म्हणून टांकसाळीच्या दारात हे काम चालायचं. पण कामावरच्या एका तरुण कारागिराने पहिल्या दिवशी एकूण एक नाणं नावाला सोडून, नाव आणि साल यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठोकलं. साहेबाने जाब विचारला तर म्हणाला, मला अक्षर कोरायला शिकवलं आहे, अक्षरावर घाव घालायला नाही. त्याला फटके मारले. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तेच केलं. तेव्हा साहेबाने त्याच्याच हातचं एक नाणं पगार म्हणून त्याच्या अंगावर फेकलं आणि त्याला बेटावरून हाकलून दिलं.

"नाव दिलं नाहीये पत्रात," बाई म्हणाल्या. "नुसतं 'एक हट्टी कारागीर'. बाकीची सगळी नाणी वितळली. म्हणजे भोकाचं एकच नाणं बाहेर गेलं, त्याच्याजवळ. चौकोनी भोक, नावाच्या शेजारी. ते मिळालं असतं तर त्या माणसाला नाव मिळालं असतं."

मी म्हटलं, बरं वाटत नाही, आणि उठलो. जिन्यात बसून राहिलो. म्हातारा जन्मभर एकच खरी गोष्ट सांगत होता आणि तिचा एकच पुरावा होता. तो गल्लीने बुडवला नाही, दादाने बुडवला नाही. मी बुजवला, आणि वर गंधकाचं पाणी लावलं.

२२ मार्च, शनिवार

हात : लिहिताना दिसतोच आहे.

गप्प बसलो तर काय होतं? चौथं नाणं म्हणून काचेत जातं, घराण्याचं नाव लागतं, माझी छाती फुगते. कुणाचं काही बिघडत नाही. फक्त आजोबा लपवून ठेवलेलं नाणं बाळगणारा एक माणूस होतात, आणि जगातले शहाणे माझ्या तीन दोरांवर लेख लिहितात.

सांगितलं तर काय होतं? चाळीस वर्षं हात राखला तो कशासाठी, तर हे करण्यासाठी.

२४ मार्च, सोमवार

हात : तसाच.

ही म्हणाली, "तुम्ही तीन दिवस भाजीत मीठ नाही तरी जेवताय. काय केलंत?"

सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण."

"मग काय करू?"

"मला काय विचारता? सांगायचं ठरवलंय तुम्ही. नसतं ठरवलं तर जेवण अळणी लागलं असतं."

२५ मार्च, मंगळवार

हात : थरथरला, पण लपवला नाही.

बाईंना सांगितलं. त्या हसल्या. मला वाटलं रागावतील, त्याची तयारी करून गेलो होतो, हसण्याची नव्हती. मग भिंग घेऊन बसल्या. वीस मिनिटं पाहिलं. दिव्याखाली, खिडकीत, तिरपं धरून.

"काका, इथे काही नाही."

"आहे. तुमच्या अंगठ्याखाली."

"मला जोड दिसत नाही."

मला जन्मात इतका अभिमान वाटला नव्हता आणि इतकी लाजही. दोन्ही एकाच खुर्चीत बसून होती.

मग त्या भिंग ठेवून शांतपणे म्हणाल्या, "समजा मी खुंटी काढून भोक दाखवलं. लोक म्हणतील, पत्र ऐकल्यावर म्हाताऱ्याने स्वतःच पाडलं. तुम्ही चांदीचे कारागीर. तुम्हाला काय अशक्य आहे? भोक आधीपासून होतं हे मी कुणाला कसं पटवू?"

मी घरी यायला निघालो होतो. दारापर्यंत गेलो आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

"बाई, माझ्याकडे वही आहे."

ही वही पिशवीत होती, हात बिघडला म्हणून तीन महिन्यांआधीच पुढे डॉक्टरांकडे जायचं होतं. आठ तारखेचं पान उघडून दिलं. माप, जागा, आकृती. आणि तेरा तारखेचं. त्यांनी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. मी मध्ये म्हटलं की बाकीची पानं वाचू नका, तेव्हा त्या अठरा तारखेवर पोहोचल्या होत्या.

"वितभर?" त्या म्हणाल्या.

मी पायाकडे पाहिलं.

"असू दे. पंच आहे अजून?"

"आहे."

"तुम्ही खुंटी ज्या पंचाने कापलीत तो पंच भोकात तंतोतंत बसला, असं लिहिलंय इथे. आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

मी लिहिलं होतं, नशीब. त्यांनी ती ओळ बोटाने दाखवली तेव्हा मला कळलं. तो पंच आजोबा बेटावरून घेऊन आले होते. आम्ही त्याने डबे उघडत होतो.

२७ मार्च, गुरुवार

हात : बरा.

दादाकडे गेलो. सगळं सांगितलं, पत्र सांगितलं, साहेबाचे फटके सांगितले. तो खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होता. मला वाटलं होतं मी भोक बुजवलं म्हणून आता तो माझी शिकवणी घेईल. त्याने एवढंच विचारलं, "दोन दिवस? पहिल्या दिवशी फटके खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच?"

"असं साहेबानेच लिहिलंय."

"साहेब कशाला खोटं लिहील," दादा म्हणाला. मग आत गेला. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "शनिवारी मी येतो दुकानात. साक्षीदार लागेल. आईच्या गळ्यात ते तिरपं असायचं, मला कोनासकट आठवतंय." गणिताची माणसं कशातही गणित काढतात.

२९ मार्च, शनिवार

हात : पुढे वाचा.

बाई सकाळी नाणं घेऊन दुकानात आल्या. त्यांचं म्हणणं, प्रयोगशाळेतल्या माणसाला हे काम देऊ. मी म्हटलं, बुजवलं मी, उघडणार मी. "नाणं तुमचं आहे, मी अडवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण काम चालू असताना मी श्वास घेणार नाही, लवकर आटपा." फोटो काढायला कॅमेरा मात्र रोखून उभ्या राहिल्या.

दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. ही दारात उभी.

ज्योत लहान ठेवायची होती. जास्त तापलं तर नावालाच धक्का, आणि म्हाताऱ्याने फटके खाऊन वाचवलेलं नाव नातवाने बिघडवलं असतं. मी चिमट्यात नाणं धरलं आणि हात सुरू झाला. थांबलो. पुन्हा धरलं. पुन्हा तेच. गिऱ्हाइकासमोर माझा हात असा कधी झाला नव्हता.

दादा उठला. माझ्या हातातून चिमटा घेतला. "कुठे धरू ते सांग."

"खाली. अजून थोडं. आता हलू नकोस."

पस्तीस वर्षं फळ्यावर मोकळ्या हाताने वर्तुळं काढलेला हात तो. दगडासारखा राहिला. मी ज्योत दिली. कडेला झाळ ओला होऊन चमकला, बस्स, तेवढ्यातच मी पंचाचं टोक मागून टेकवलं. जोर लागला नाही. खुंटी खालच्या वाटीत पडली, टिक असा आवाज झाला. माझे तीन दोर तिच्यावर.

नाणं गार झाल्यावर बाईंनी पंच घेतला आणि नावाच्या बाजूने भोकात घातला. तो आत गेला आणि तिथे राहिला, हलेना. भोकाच्या आतल्या भिंतींवर पंचाच्या टवका उडालेल्या एका कोपऱ्याची बारीक रेघ होती. पंचाच्या कोपऱ्यावर टवका उडाल्याची खूण अजून आहे. शंभर वर्षं. मी भिंती घासल्या नव्हत्या, फक्त वरची कड घासली होती. कड घासली त्याचं त्यांना वाईट वाटलं, ते त्यांनी तोंडावर सांगितलं. मी ऐकून घेतलं.

सुलतानाच्या नावाला धक्का नाही. शेवटचं अक्षर भोकापासून केसभर दूर आहे. इतक्या जवळ आणून, फटके खाल्लेल्या हाताने, दोन दिवस, प्रत्येक नाण्यावर. मी चाळीस वर्षं स्वतःला कारागीर म्हणवतो.

बाईंनी विचारलं, "मास्तर, तुम्हाला हे आधीपासून खरं वाटत होतं का?"

दादा म्हणाला, "चौथीपर्यंत." आणि डोळे पुसत बाहेर गेला. ज्योतीच्या धुराची त्याला सवय नाही.

ही वही आता संग्रहालयात जाणार. पुरावा म्हणून हवी आहे. डॉक्टरांना काय सांगायचं ते बघू.

१० जून, मंगळवार (नवी वही)

प्रदर्शन उघडून तीन आठवडे झाले. डॉक्टरांना मी सांगितलं की तुमची वही पाहायची तर संग्रहालयात जा. ते खरंच गेले. परत येऊन म्हणाले, हाताची नोंद समाधानकारक, पण रुग्ण विषय सोडून फार लिहितो.

काचेत चार वस्तू आहेत. नाणं, नावाची बाजू वर. शेजारी आजोबांचा पंच. मग माझी वही, आठ मार्चचं पान उघडून. आणि एका लहानशा भिंगाखाली माझी खुंटी. ती ठेवा असा हट्ट मी धरला. चूक असली तरी काम चांगलं आहे. खाली लिहिलं आहे : "सुलतानाच्या नावावर घाव घालायचा हुकूम न पाळणाऱ्या कारागिराच्या हातचं, उरलेलं एकमेव नाणं." पुढे आजोबांचं पूर्ण नाव. मग एक ओळ : "भोक त्यांच्या नातवाने अजाणता बुजवलं आणि स्वतःच पुन्हा उघडलं." गल्लीतले सगळे जाऊन आले. सुलतानाचं दुकान अजून सुलतानाचंच म्हणतात, पण आता मी वळून बघतो.

एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली नव्हती. आठ मार्चच्याच पानावर दादाबद्दलची ती ओळ आहे, की त्याला दुसऱ्याची चूक शोधण्याखेरीज काही जमलं नाही. जगाला वाचायला मोकळी. पहिल्या दिवशी दादाने ती वाचली. मी शेजारीच उभा. तो म्हणाला, "यात चूक नाही."

तेव्हापासून तो रोज जातो. ही म्हणते, जाऊ द्या. आज मीही त्याच्याबरोबर गेलो. एका शाळेचा वर्ग आला होता, नऊ-दहा वर्षांची मुलं. त्यांच्या बाई पंचाबद्दल सांगत होत्या. दादा काचेपाशी उभा होता, तर एका मुलीने विचारलं, "तुम्ही इथलेच का?"

दादाने शर्ट खाली ओढला. हात पाठीमागे घेतले. एका दमात म्हणाला, "माझे आजोबा त्या बेटावर कामाला होते. सुलतानाच्या टांकसाळीत."

मग तो गप्प उभा राहिला, कशाची तरी वाट बघत असल्यासारखा. मुलं त्याच्याकडे बघत होती. कुणी हसलं नाही. त्यांच्या बाई म्हणाल्या, "हे महत्त्वाचं आहे. वहीत लिहून घ्या," आणि तीस-पस्तीस मुलं जमिनीवर बसून लिहू लागली. मागच्या एकाने विचारलं, "टांकसाळ पुन्हा सांगा ना." दादाने पुन्हा सांगितलं, हळू, फळ्यावर लिहून देताना सांगत असे तसं.

सगळ्यात शेवटच्या मुलाचं लिहून होईपर्यंत तो तिथून हलला नाही. मला तर पाय दुखायला लागले होते.

वर हाताची ओळ राहिली. हात : दिवसभर ठीक. येताना दादाने जिन्यात माझा दंड धरला होता, तेव्हा त्याचा हात थरथरत होता. घराण्यातच आहे का, ते डॉक्टरांना विचारायला हवं.